पाहुणे आले तर पाटी तुम्ही धरा: पुण्यातल्या फुटबॉल चाहत्यांना नागपूरहून खुले पत्र

प्रति,
पुण्यातले तमाम फुटबॉल चाहते,
बालेवाडीच्या स्टँडमध्ये एकेकाळी घसा बसेपर्यंत ओरडलेले आणि आता शनिवारी रात्री इंग्लंडच्या मॅचसाठी जागणारे.

सप्रेम नमस्कार.

नागपूरहून पुण्याला पत्र आलं म्हणजे आत काहीतरी मागणीच असणार, हे तुम्ही पाकीट न फोडताच ओळखलं असेल. १९५३च्या नागपूर करारापासून आमची ती सवयच आहे. पण या खेपेला अनुशेषाचा विषय नाही. मागणी साधी आहे. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबचे चाहते मालकाविरुद्ध निदर्शनं करायला आज ना उद्या तुमच्या शहरात आले, तर त्यांना एकटं उभं राहू देऊ नका. त्यांच्या हातातली पाटी तुम्ही धरा. 'सोबत या' एवढंच सांगायचं नाहीये, पाटी खरोखर तुमच्याच हातात असली पाहिजे. का, ते पुढे सांगतो.

त्यांनी पुण्यालाच का यायचं, हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी: सिंहगड रस्त्यावर ज्यांचं मुख्यालय आहे आणि ज्यांचं नाव तुम्ही चिकनच्या पाकिटावर वाचता, त्या वेंकीजने नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. प्रीमियर लीगमधल्या क्लबचे ते पहिले भारतीय मालक. त्या वेळी आम्हीही इकडे कॉलर ताठ केली होती. इंग्रजांचा क्लब, तोही असातसा नाही, आणि मालक आपले पुण्याचे!

असातसा नाही म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगितलं पाहिजे. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं सव्वा लाख वस्तीचं गाव, आमच्या कामठीहून थोडं मोठं. क्लबची स्थापना १८७५ची. १८८८ मध्ये ज्या बारा क्लबांनी मिळून जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू केली, त्यातला हा एक. एफए कप सहा वेळा जिंकला. मग मोठा दुष्काळ पडला, आणि जॅक वॉकर नावाचा त्याच गावचा पोलादवाला पुढे आला. त्याने खिशात हात घातला, केनी डाल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, अॅलन शिअररला आणलं. १९९४-९५ मध्ये शिअररने लीगमध्ये ३४ गोल केले. शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर हरला, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडची वेस्ट हॅमशी बरोबरी झाली आणि प्रीमियर लीग या चिमुकल्या गावात गेली. ज्या गावातून निघून माणूस तासाभरात मँचेस्टर किंवा लिव्हरपूलला पोचतो, त्या गावातल्या पोरांनी आपलाच क्लब धरून ठेवला, त्याचं हे फळ होतं.

वॉकर २००० साली गेले. दहा वर्षांनी त्यांच्या ट्रस्टने क्लब पुणेकरांच्या हाती दिला.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल, पण सलग वाचलं की जास्त टोचतं. महिनाभरातच सॅम अॅलर्डाइस या अनुभवी मॅनेजरला काढलं. त्याच्या हाताखालच्या स्टीव्ह कीनला बसवलं. ड्रेसिंग रूममध्ये खेळाडू चिकन खाताहेत अशी जाहिरात निघाली. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला, आणि त्या मॅचमध्ये कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. इंग्रजी वर्तमानपत्रांना त्या कोंबडीचं इतकं कौतुक वाटलं की गावाचं दुःख राहिलं बाजूला. त्याच्या पुढच्या मोसमात मॅनेजर हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, मायकल अॅपलटन ६७ दिवस. आपल्याकडे बदली झालेला तहसीलदारसुद्धा याहून जास्त दिवस खुर्चीत बसतो. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या पायरीवर गेला, एका वर्षात टोनी मोब्रेंनी तो परत वर आणला, आणि तेव्हापासून ना धड वर, ना धड खाली. २०२५ मध्ये महिला संघ दुसऱ्या पायरीच्या लीगमधून काढून घेतला. त्यावर तिकडे झालेला संताप मला पुरुषांच्या संघाच्या घसरणीइतकाच खरा वाटतो. त्या मुलींचा तर काही दोषच नव्हता.

आता मालकांची बाजूही सांगतो, कारण निवेदन एकतर्फी असलं की पहिल्याच टेबलावर परत येतं. या कुटुंबाने क्लबमध्ये ओतलेली रक्कम २० कोटी पौंडांच्या वर गेल्याचं सांगितलं जातं. दुसरा कोणी असता तर केव्हाच दिवाळं काढून मोकळा झाला असता. ब्लॅकबर्नपासून हाकेच्या अंतरावर बरी नावाचं गाव आहे. तिथल्या क्लबला २०१९ मध्ये लीगमधून हाकलून दिलं, कारण क्लब चालवायला पैसे आहेत हे मालकाला दाखवता आलं नाही. ब्लॅकबर्नवर ती पाळी आली नाही, याचं श्रेय पुण्याला दिलंच पाहिजे. पण २०२३ पासून भारतातून तिकडे पैसे पाठवणं सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीत अडकलं. दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्या, तेवढ्याच रकमेची बँक गॅरंटी द्या, मग पाठवा, असं सुरू झालं. त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, घरच्या अकादमीत घडलेला अॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. म्हणजे लँकेशायरमधल्या माणसाला आपल्या संघाचं भवितव्य समजून घ्यायचं तर आधी दिल्लीतल्या तारखा समजून घ्याव्या लागतात. तारीख पे तारीख काय असतं ते आपल्याला कळतं. त्यांना कोण समजावणार?

नेमकं इथेच दुखणं आहे. पैसे कमी दिले, हे नंतरचं. चाहत्यांची मुख्य तक्रार अशी की मालक दिसत नाहीत, बोलत नाहीत. क्लबच्या इवुड पार्क मैदानावर कित्येक वर्षांत त्यांची पायधूळ झडलेली नाही. पुढचा बेत काय, क्लब विकायचा आहे की ठेवायचा आहे, विकायचा असेल तर किंमत काय, यावर स्वतः येऊन कोणी चार वाक्यं बोलत नाही.

नागपूरकराला याचं काय पडलं आहे, असं विचाराल. विचारायलाच पाहिजे. आमच्याकडे व्यावसायिक क्लब नाही. आहे ती जिल्ह्याची लीग, कामठीचा रब्बानी क्लब, रेल्वेची टीम, पोलिसांची टीम, आणि हिस्लॉप कॉलेजात शिकवणाऱ्या विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन सुरू केलेलं काम, जे आता जगभर माहीत आहे. मालकाने फसवावं एवढी मोठी आमची ऐपतच नाही.

पण एका गोष्टीत आमचा हात कोणी धरणार नाही. मोर्चा. दरवर्षी डिसेंबरात सरकार मुंबईहून इकडे येतं आणि सरकारच्या मागोमाग अख्खा महाराष्ट्र येतो. विनाअनुदानित शाळांचे शिक्षक येतात, अंगणवाडी सेविका येतात, गडचिरोलीचे आदिवासी येतात, कोल्हापूरचे पेन्शनर येतात. मोर्चे निघतात कुठून? यशवंत स्टेडियममधून. ज्या मैदानात आम्ही फुटबॉल पाहिला, तिथूनच. टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला बॅरिकेड लागतं, मोर्चा तिथे बसतो. भर उन्हात, आणि सहानंतर आमच्या त्या थंडीत. मग सुरू होते खरी लढाई. मागण्या किती मान्य होणार ही लढाई नव्हे. मोर्चेकऱ्यांना मनातून अंदाज असतो. भांडण असतं ते निवेदन घ्यायला कोण येणार यावरून. पोलीस सांगतात, पाच जणांचं शिष्टमंडळ आत न्या. मोर्चा म्हणतो, नाही, मंत्र्यांनी बाहेर आलं पाहिजे. तासन् तास यावरच गाडी अडते. बाहेरगावच्या पत्रकारांना हे पोरकट वाटतं. आम्हाला वाटत नाही. आठशे किलोमीटर उभ्याने प्रवास करून आलेल्या बाईला उत्तर नंतर मिळालं तरी चालतं, पण आपला कागद कोणत्या हातात गेला हे तिला डोळ्यांनी पाहायचं असतं.

ब्लॅकबर्नवाल्यांना पुण्यात हेच हवं असेल. त्याहून जास्त काही नाही.

आणि हे फक्त त्यांनाच सुचलं असंही नाही. लंडनच्या चार्लटन अॅथलेटिकचा मालक बेल्जियमचा होता, रोलँड दुशाटले. २०१४ मध्ये त्याने क्लब घेतला, २०१६ मध्ये संघ खाली गेला. चाहत्यांनी घरच्या मैदानावर निषेधाचे सगळे प्रकार केले. प्लास्टिकची खेळण्यातली डुकरं मैदानात फेकून मॅच थांबवली, तीही कॉव्हेंट्रीच्या चाहत्यांना सोबत घेऊन, कारण त्यांचंही मालकाशी भांडण सुरू होतं. मालक ढिम्म. मग ही मंडळी समुद्र ओलांडून सिंट-ट्रुईडेनला गेली, जिथे त्याच माणसाचा दुसरा क्लब होता, आणि तिथल्या रस्त्यावर घोषणा दिल्या. लोक आधीपासूनच वस्ताद म्हणा. मैदान परत मिळावं म्हणून १९९० मध्ये यांनी चक्क पक्ष काढून ग्रीनिचच्या नगरपालिकेची निवडणूक लढवली होती आणि १४,८३८ मतं मिळवली होती. दुशाटलेने शेवटी २०२० च्या सुरुवातीला क्लब सोडला, मात्र मैदानाची मालकी स्वतःकडेच ठेवली. तेव्हा मोर्चा नेला म्हणजे सगळं पदरात पडतं, असं मी म्हणत नाही.

ब्लॅकबर्नशी आमचं जुनं नातंही आहे, कापसाचं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला, तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे जमशेटजी टाटा तिकडच्या गिरण्या पाहून आले आणि १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या तिथल्याच दुसऱ्या संघाने एफए कप जिंकला. त्या संघात गिरणीत राबणारे लोक होते आणि समोर ईटनच्या श्रीमंत शाळेचे माजी विद्यार्थी. फुटबॉल बड्या घरच्यांच्या हातातून निसटला तो त्या दिवशी. आज त्यांच्या बहुतेक गिरण्या बंद आहेत, आमची एम्प्रेसही बंद आहे, तिच्या जागेवर मॉल आहे. त्यांच्याकडे त्या काळातलं जिवंत काय उरलं असेल तर क्लब.

यातली एक गोष्ट मालकांना कोणीतरी आठवण करून द्यावी. १९३१ च्या सप्टेंबरात, गोलमेज परिषदेसाठी विलायतेत असताना, गांधीजी ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेनला जाऊन राहिले होते. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांच्या गिरण्या बंद पडल्या होत्या, त्याच कामगारांच्या वस्तीत. जायची सक्ती नव्हती, शिव्या खाण्याची शक्यता भरपूर होती. तरी गेले, त्यांचं ऐकून घेतलं, आपलं म्हणणं सांगितलं, आणि त्या बायाबापड्यांनी त्यांना घेरून काढलेला फोटो आजही पाहायला मिळतो. आपला निर्णय त्यांनी बदलला नाही. पण ज्यांना त्याची झळ बसली, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

आता तुमच्याकडे वळतो. दुसऱ्या कुठल्या शहरातल्या चाहत्यांना मी हे पत्र लिहिलं नसतं. मालक म्हणजे काय चीज असते ते तुमच्याइतकं महाराष्ट्रात कोणाला कळणार? पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला, २०१५ मध्ये गुंडाळला. भारत एफसी एक मोसम खेळला आणि गेला. डीएसके शिवाजियन्सने दोन मोसमांत गाशा आवरला. एफसी पुणे सिटी आयएसएलची उपांत्य फेरी गाठून २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. बारा-तेरा वर्षांत चार क्लब! कुणाचा धंदा बसला, कुणाचा उत्साह. तुम्ही जर्सी घडी करून कपाटात ठेवल्या आणि परत लिव्हरपूल-आर्सेनलकडे वळलात. मी दोष देत नाही. कोणाच्या दारात जायचं हेसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं. ब्लॅकबर्नवाल्यांना निदान पत्ता माहीत आहे, आणि तो तुमच्या गावातला आहे.

काही जण म्हणतील, गोऱ्यांनी येऊन आपल्या उद्योगपतीविरुद्ध बोंब मारायची आणि आपण त्यांना साथ द्यायची? हा अभिमान मला समजतो. २०१० मध्ये कॉलर आम्हीही ताठ केली होती, हे वर लिहिलंच आहे. पण मँचेस्टर युनायटेडच्या ग्लेझर कुटुंबाला शिव्या घालताना तुमच्यातल्या कोणाला ते अमेरिकन आहेत म्हणून संकोच वाटला का? मालकाचा पासपोर्ट आपल्या रंगाचा निघाला की तेवढा आपला सूर खाली येतो.

आता पाटीचं. तीन वर्षांपूर्वी हे पत्र लिहिलं असतं तर 'पाहुण्यांना मिसळ खाऊ घाला' एवढं सांगून थांबलो असतो. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये काय झालं ते आठवा. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा मालक पीटर लिम सिंगापूरचा, २०१४ पासून क्लब त्याच्याकडे. एक चाहता लग्नानंतर बायकोसोबत फिरायला सिंगापूरला गेला आणि तिथे त्याने लिमविरुद्धचे स्टिकर लावले, बॅनर धरून व्हिडिओ काढला. देश सोडताना विमानतळावर दोघांना अडवलं, पासपोर्ट ठेवून घेतले. मधुचंद्राचे दिवस पोलिसांच्या उत्तराची वाट पाहण्यात गेले.

पुणे म्हणजे सिंगापूर नव्हे, हे खरं. पण आपल्याकडेही संविधानाच्या कलम १९ मधलं बोलण्याचं आणि शांतपणे जमण्याचं स्वातंत्र्य नागरिकांसाठी आहे. पर्यटक व्हिसावर आलेला माणूस रस्त्यावर घोषणा देऊ लागला तर त्याला परत पाठवता येतं. नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनाच्या वेळी चेन्नईतल्या एका जर्मन विद्यार्थ्याला आणि कोचीत आलेल्या नॉर्वेच्या एका पर्यटक बाईंना असंच देश सोडायला सांगितलं होतं. ब्लॅकबर्नहून येणारा माणूस बहुधा बस ड्रायव्हर असेल, नर्स असेल, निवृत्त शिक्षक असेल. वर्षभर पैसे साठवून आलेला. त्याच्या व्हिसावर शिक्का पडू देऊ नका. त्याने रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पाहावं. पाटी धरण्याचा, निवेदन देण्याचा हक्क तुमचा आहे आणि तो वापरायला तुम्हाला विमानाचं तिकीट लागत नाही.

मोर्च्यातला थोडा अनुभव फुकटात देतो. पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. शहरात जमावबंदीचे आदेश अधूनमधून लागू असतात, ते पाहून घ्या. माणसं थोडी असली तरी चालतील. गेटवरचे वॉचमन, ऑफिसात कामाला जाणारे लोक यांच्याशी हुज्जत घालू नका, त्यांनी कोणाला क्लबमधून काढलेलं नाही. कोंबडीचा विनोद टाळा. तो २०१२ मध्ये झाला आणि त्या गावाने बदल्यात तेरा-चौदा वर्षं थट्टा सोसली. सिंहगड रस्ता अडवू नका, तो तुमच्याशिवायही अडलेला असतो.

निवेदन दोन पानांच्या वर नको, मराठीत आणि इंग्रजीत. त्यात राजीनामे मागू नका, 'मालक चले जाव'सुद्धा नको. तीनच प्रश्न ठेवा. क्लब विकायला काढला आहे का? नसेल तर पुढच्या तीन वर्षांचा पैसा कोर्टाच्या परवानगीवर अवलंबून आहे की नाही? आणि कुटुंबातलं कोणी इवुड पार्कवर येऊन चाहत्यांसमोर बसणार का, तर केव्हा? चाहत्यांशी बोलणं ही यापुढे इंग्लंडमध्ये मालकाची मर्जी राहणार नाहीये. तिथे २०२५ मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा झाला, स्वतंत्र नियामक आला, आणि चाहत्यांशी सल्लामसलत करणं क्लबांना बंधनकारक होत आहे. तेव्हा जे उद्या कायद्याने करावं लागणार, ते आज आपणहून करा, असं नम्रपणे लिहा. नम्रपणाला पुण्यात काय म्हणतात ते तुम्ही बघून घ्या.

वरून कोणी खाली येणार नाही, असं धरून चाला. मग आवक-जावक विभागात जा. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्या. रिसेप्शनवरच्या मुलीने 'ईमेल करा' म्हटलं तर हलू नका. शिक्क्याशिवाय परत फिरलेला मोर्चा आमच्याकडे मोर्चा धरत नाहीत. ती शिक्क्याची प्रत पाहुण्यांच्या हातात द्या, त्यांना घरी न्यायला.

आणि तारीख आम्हालाही कळवा, थोडी आधी. कामठीची पोरं यायला तयार आहेत. अजनीहून वंदे भारत सुरू झाली आहे. फक्त दिवाळीच्या आसपास ठेवू नका. त्या दिवसांत रिझर्व्हेशन मिळत नाही, आणि ट्रॅव्हल्सवाले काय भाडं लावतात ते तुमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या नागपूरकराला विचारा.

आपला,
नागपूरचा एक फुटबॉलवेडा